पुढे वळण आहे

सिग्नल हिरवा झाला आणि गाडी हलली नाही. एवढंच झालं. असं रोज कुणाचं ना कुणाचं होतं. मागचे हॉर्न वाजवतात, पुढचा दचकतो आणि सगळे आपापल्या वाटेला लागतात. आम्हीही लागलो. पण आई त्या वेळी मांडीवरच्या पिशवीत डोकं घालून गोळ्यांची डबी शोधत होती. मागून पहिला हॉर्न आला, दुसरा आला, तरी बाबा स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून शांत बसून होते, फोटोसाठी बसवलेल्या माणसासारखे. मग आईने मान वर केली, म्हणाली, "झाला बरं का हिरवा," आणि त्या शब्दासरशी गाडी निघाली. दादा माझ्या डाव्या खांद्याशी हसला. "साहेबांची समाधी लागली होती वाटतं." वहिनी माझ्या उजव्या खांद्याशी हसली, कारण दादा हसला की ती आधी हसते आणि विनोद होता की नाही ते मागाहून ठरवते. मी दोघांच्या मध्ये, पायाखालच्या उंचवट्यावर गुडघे आखडून बसले होते. सासरहून परत आलेल्या मुलीला गाडीत ही जागा मिळते. कुणी देत नाही, ती आपोआप उरते. तिथून पुढच्या दोन सीटांच्या फटीतून समोरची काच दिसत होती, काचेत तो हिरवा दिवा दिसत होता आणि बाबांची मान दिसत होती. मान किंचित डावीकडे वळलेली होती. बाबा दिव्याकडे बघत नव्हते. दिव्याशेजारी एक भिंत होती, तिच्याकडे बघत होते.

शहर संपलं, रस्ता रुंद झाला आणि आईच्या बातम्या सुरू झाल्या. हे नाव दादाने दिलेलं. लांबच्या प्रवासात आई बाबांच्या शेजारी बसते आणि रस्त्यावर जे जे दिसेल ते मोठ्याने वाचते. "पुढे शाळा आहे. हळू. बाजूला ट्रक उभा आहे, मागचा दिवा बंद आहे मेल्याचा. पुढे वळण आहे, डावीकडे. सायकलवाला आहे, कडेने चाललाय, डोक्यावर टोपी आहे." टोपीचं काय करायचं, हे आम्ही तिला दर वेळी विचारतो. "आई, हवामान राहिलं," दादा म्हणाला. "ढगाळ आहे," आई म्हणाली, आणि लगेच, "पुढे पूल आहे, अरुंद." आम्ही सगळे हसलो. मीही हसले, पण ते हसू अर्ध्यात थांबलं. लहानपणीची आई मला आठवली. ती गाडीत बसली की गल्लीच्या तोंडाशीच झोपायची, तोंड उघडं टाकून, मान खांद्यावर पाडून, पोचल्यावर उठवावी लागायची आणि उठल्यावर "आलं का?" असं विचारायची, जणू गाव आमच्याकडे चालत आलं होतं. त्या झोपेचीही घरात टिंगल होती. मग ही बाई पाट्या कधी वाचायला लागली? कुठल्या प्रवासाला? आमच्या घरात कोण कुणाला काय बोललं, कुणी कुणाच्या घरी पाण्याचा घोटही घेतला नाही, याची वर्षानुवर्षांची नोंद तोंडपाठ असते. माझी तर सगळ्यांत पक्की. पण झोपणारी आई एके दिवशी जागी झाली आणि पुन्हा कधी झोपली नाही, याची नोंद कुणाकडेच नव्हती. आम्ही नुसतं टोपीवर हसत बसलो.

मी चष्म्याच्या दुकानात डोळ्यांचे नंबर काढते. दिवसभर माणसं येतात, यंत्रावर हनुवटी टेकतात, कपाळ पट्टीला लावतात आणि माझ्याकडे बघायला लागतात. इतक्या जवळून बघणारं माणूस एरवी आयुष्यात एखाद-दुसरंच भेटतं. मला त्यांच्या लबाड्या पाठ आहेत. अक्षर दिसत नसलं की बायका ओळीचा अंदाज बांधतात, पुरुष फळ्याला नावं ठेवतात. आणि काही म्हातारी माणसं असतात, जी अक्षराकडे बघतच नाहीत. फळ्याच्या कडेला बघतात आणि मधलं अक्षर तिथून चोरून आणतात. त्यांच्या डोळ्यांतला मधला भाग गेलेला असतो. पाटीवर ओलं बोट मधोमध फिरवावं तसं. कडेचं सगळं शाबूत, ज्याच्याकडे बघावं तेवढंच नेमकं पुसलेलं. अशा माणसाला दाराची चौकट दिसते, दारात उभं असलेलं माणूस दिसत नाही. हे मी कितीतरी घरच्यांना समजावून सांगितलं आहे. आजोबा हट्टीपणा करत नाहीत हो, त्यांना बघायचं असलं की दुसरीकडेच बघावं लागतं. आणि आता त्या उंचवट्यावर बसल्या बसल्या घरातली एकेक गोष्ट पुढे येऊन हनुवटी टेकायला लागली. पेपर तिरका धरून वाचणारे बाबा, आणि मग पेपरात काही राम उरला नाही म्हणून पेपरच बंद करणारे बाबा. चहा ओतताना कपाच्या काठावर बोट ठेवणारे. जिन्यात कुणी भेटलं तर तो बोलेपर्यंत ओळख न देणारे; शेजारी म्हणायचे, साहेब निवृत्त झाले पण साहेबी गेली नाही. आम्हीही तेच म्हणायचो. त्यांची साहेबी आमच्या किती उपयोगाला येत होती!

साहेबी होती हे खरं. बाबा परवाना कार्यालयात परीक्षक होते. माणसाला गाडी चालवता येते की नाही हे त्यांच्या शब्दावर ठरायचं, आणि गंमत म्हणजे तो शब्द ते उच्चारायचे नाहीत. परीक्षा संपत आली की गाडी रस्त्याच्या कडेला घ्यायला लावत, इंजिन बंद करायला लावत. मग "चला, ऑफिसला न्या," म्हणाले की पास. नाहीतर काही न बोलता उजवा तळहात पुढे करत. समोरच्याने किल्ली काढून त्यावर ठेवायची आणि मुकाट्याने जागा बदलायची. परत येताना गाडी बाबा चालवत. नापास शब्द का म्हणत नाही, असं मी एकदा विचारलं होतं. म्हणाले, "शब्द माणसाला चिकटतो. किल्लीचं तसं नाही, ती परत मिळते." दादाने त्या तळहातावर दोनदा किल्ली ठेवली आहे. अजूनही जेवताना बाबांनी चटकन हात पुढे केला की तो आधी हाताकडे बघतो आणि मग भांडं सरकवतो. मी पहिल्याच वेळी गाडी ऑफिसला नेली. दादाने ते मला माफ केलेलं नाही, आणि मला ते दर थोड्या दिवसांनी काढून बघायला आवडतं.

आणि उद्या सकाळी चिमणीचं लग्न होतं. चिमणी म्हणजे आत्याची मुलगी, आमच्या पिढीतली शेवटची. त्यासाठीच आम्ही पाच जण दिवसभराच्या रस्त्याला लागलो होतो. आमच्या घराण्यात मुलगी घरातून हॉलवर जाते ती बाबांच्या गाडीतून. कुणी ठरवलं माहीत नाही. आत्या तशीच गेली, काकांच्या मुली गेल्या. गाड्या बदलल्या, चालवणारा बदलला नाही. हॉलच्या अलीकडे कुठलं तरी शेवटचं वळण असतंच. तिथे बाबा गाडी हळू करायचे, आरशातून नवऱ्या मुलीकडे बघायचे आणि हसत विचारायचे, "काय, वळवू परत? अजून वेळ आहे." की सगळी गाडी हसायची. तो प्रश्न ऐकल्याशिवाय लग्न लागल्यासारखं वाटत नाही, असं आत्या म्हणते. मलाही विचारला होता. आरशात मला त्यांचे डोळे दिसले होते, सरळ, हसरे, कडेला सुरकुत्या पडलेले. सगळ्यांत मोठ्याने मी हसले होते. हसताना क्षणभर जिन्याची नसलेली पायरी उतरायला जावं तसं झालं होतं, आणि ते हसण्याखाली बरोबर दडलं. पुढे जे झालं ते झालं. त्यात मारझोड नव्हती, नाटक नव्हतं, एका घरात दोन माणसं हळूहळू एकमेकांचं ऐकेनाशी झाली, एवढंच. मी बॅग घेऊन परत आले तेव्हा दार बाबांनी उघडलं. त्यांनी माझ्या कानावरून मागच्या भिंतीकडे पाहिलं आणि म्हणाले, "ये." त्या दिवसापासून त्यांनी माझ्याकडे सरळ बघितलेलं नाही. जेवताना नाही, बोलताना नाही, मी तापाने पडले होते तेव्हाही नाही. मी ते न बघणं रोजच्या रोज जमेला धरत गेले. कधी त्याला लाज असं नाव दिलं, कधी 'मी विचारलं होतं' असं. जेवताना त्यांच्या समोरची खुर्ची सोडून बाजूला बसायला लागले, म्हणजे त्यांना मान वळवायचे कष्ट नकोत. इतकी वर्षं मी बापाचा राग पोसला, आणि रोज दुकानात जाऊन परक्या आजोबांच्या घरच्यांना समजावत राहिले की ते दुसरीकडे बघतात तेव्हाच खरं तर तुमच्याकडे बघत असतात.

"उजवीकडे चहाचं दुकान आहे," आईने वाचलं. "थांबायचं तर थांबा. आत वळायला जागा आहे, मधे खड्डा आहे, त्याच्या डावीकडून घ्या." बाबांनी डावीकडून घेतलं.

आई दुकानामागच्या नळावर बाटली विसळत होती. मी तिच्याजवळ जाऊन उभी राहिले.

"आई, बाबांना काय दिसतं?"

"म्हणजे काय? सगळं दिसतं." ती विसळत राहिली.

"मधलं दिसत नाही."

तिने नळ बंद केला. बाटलीतलं पाणी ओतून टाकलं, ते शेवटच्या थेंबापर्यंत जाऊ दिलं. "कधी ओळखलंस?"

"आत्ता. सिग्नलला."

"बरंच लवकर गं! रोज लोकांचे डोळे तपासतेस, घरी येताना स्वतःचे दुकानातच ठेवून येतेस का?" ती रागावली नव्हती. दमली होती, इतक्या दिवसांनी कुणापुढे तरी दमायला मिळालं होतं. "तू परत आलीस त्याच्या जरा आधी सुरू झालं. दोन डॉक्टर केले. गेलेलं परत येत नाही म्हणाले. गाडी चालवू नका म्हणाले. हे म्हणाले, बरं."

"आणि?"

"आणि मी पुढे बसून वाचायला लागले."

"आई, आपण पाच माणसं आहोत गाडीत."

"मला मोजता येतं. म्हणून तर डोळा लागू देत नाही." तिने बाटलीचं झाकण लावलं, पुन्हा काढलं. "उद्याची एक फेरी होऊ दे. चिमणीने फोनवर सांगितलंय, मामा, तुम्ही नेणार नसाल तर मी पायी जाईन. तिला तेवढं पोचवू दे, मग किल्ली मी माझ्या हाताने विहिरीत टाकते."

"उद्या पुढच्या सीटवर कोण बसणार?"

"मी. दुसरं कोण?"

"फोटोवाला बसणार. मागे तोंड करून नवरीचे फोटो काढणार. मागे चिमणी, आत्या आणि मैत्रीण. तुला दुसऱ्या गाडीत घालतील. बातम्या कोण देणार?"

आईचा हात झाकणावर तसाच राहिला. तिने सगळ्याचा विचार केला होता. कुठला रस्ता, किती गर्दी, ऊन कुठल्या बाजूने येईल. सीटचा केला नव्हता. जन्मभर ज्या जागेवर बसलो ती जागा कुणी दुसरं मागेल हे कुणाच्या डोक्यात येतं?

"मी सांगते बाबांना," मी म्हटलं.

"तू नको!" ती एवढ्या मोठ्याने म्हणाली की दुकानातल्या माणसाने वळून पाहिलं. मग हळू आवाजात, "तू मुळीच नको. बाकी कुणालाही कळलं तरी चालेल म्हणतात. दादा फार तर चार दिवस बोलून दाखवेल. पण हिला नको कळायला, म्हणतात. तिचं एक घर गेलं, आता तिला वाटेल बापही हातचा गेला."

मी नळ उघडला आणि उगीचच हात धुतले.

पुढे दादा गाडीला टेकून उभा होता. "बाबा, मी घेऊ का थोडा वेळ? तुम्ही मागे आडवे व्हा."

"नको," बाबा म्हणाले. "मला लग्नाला पोचायचंय."

सगळे हसले. वहिनी दादाच्या आधी हसली, हे दादाने टिपलं.

आई पुढे बसली. पट्टा लावला, पिशवी मांडीवर घेतली आणि डोळे मिटले. "मी पडते जरा," ती म्हणाली. गाडी रस्त्यावर आली. आई गप्प. मैलाचा दगड गेला, गप्प. एक गाव आलं आणि गेलं, गप्प. "आज बातम्या बंद?" दादाने विचारलं. बाबा म्हणाले, "अगं?" त्या एका शब्दात काय होतं ते त्या गाडीत तिघांनाच कळलं. "दमले हो," आई डोळे मिटूनच म्हणाली. ती झोपली नव्हती. तिचा अंगठा पिशवीच्या बंदावरून पुढेमागे फिरत होता. बाबांना उद्याचं सांगणं जमत नव्हतं, म्हणून तिने रस्ता सांगणंच बंद केलं होतं. गाडी हळू झाली. मग आणखी हळू. ट्रक आम्हाला ओलांडून जायला लागले, मग ट्रॅक्टरही. "बाबा, चिमणीच्या लग्नाला जायचंय की तिच्या पोरांच्या?" दादा म्हणाला. बाबांची मान हळूहळू डावीकडे जात होती, उजवीकडे येत होती, अंधाऱ्या खोलीत कंदील फिरवावा तशी. रस्ता सुईसारखा सरळ होता. वळण असतं तर बरं, मला वाटलं, वळणावर पुढचं कडेला तरी येतं. सरळ रस्त्यावर जे असतं ते नेमकं त्या पुसलेल्या जागेतच उभं राहतं.

आणि ते उभंच होतं. लांबवर, रस्त्याच्या बरोबर मध्ये, पिवळं जाकीट घातलेला एक माणूस, हातात लाल निशाण, मागे खणलेला रस्ता. त्याने निशाण हलवलं. गाडी त्याच वेगाने जात राहिली. त्याने पुन्हा हलवलं, जोरात. मी आईकडे पाहिलं. तिचे डोळे उघडले होते, तोंडही उघडलं होतं, पण घरात इतकी वर्षं एवढं बोललेल्या त्या तोंडातून आवाज येईना.

"पुढे काम चालू आहे," मी म्हणाले. "मधोमध माणूस उभा आहे. लाल निशाण आहे. थांबा म्हणतोय. आता थांबा, बाबा."

ब्रेक लागला. आम्ही पाचही जण पुढे गेलो आणि मागे आलो. गाडी त्या माणसाच्या बऱ्याच अलीकडे थांबली. तो चालत आला, खिडकीत वाकला, घामेजलेला, घाबरलेला, आणि म्हणून चिडलेला. "काका, दिसत नाही का?" रस्त्यावर सगळे सगळ्यांना म्हणतात तेच.

"नाही," बाबा म्हणाले.

दादा हसला. वहिनी हसायच्या बेतात होती, ती थांबली. मग दादाही थांबला. तो माणूस निशाण काखेत मारून आपल्या जागेवर परत गेला.

बाबांनी दिवा दाखवून गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. कड त्यांना दिसत होती. इंजिन बंद केलं. मग सीटवर पूर्ण वळून त्यांनी उजवा हात मागे केला. दादाने सवयीने त्या हाताकडे पाहिलं, आणि मीही, कारण या खेपेला तळहात रिकामा नव्हता. त्यावर किल्ली होती. दादाचा हात अर्धा पुढे आला. बाबांचा हात त्याला ओलांडून माझ्यापुढे थांबला.

"आईच्याच आवाजात बोललीस," ते म्हणाले. "चांगलं बोललीस. पण अंतर सांगत जावं. किती लांब आहे ते कळलं पाहिजे."

किल्ली गरम होती. आम्ही जागा बदलल्या. बाबा आईच्या जागी आले, आई मागे माझ्या उंचवट्यावर गेली. कुणी काही विचारलं नाही. आमच्या घरात न विचारण्याचा एवढा सराव आहे की त्याचा असा उपयोग होईल हे कधी वाटलं नव्हतं. दादाने फक्त खाली वाकून आईच्या पायाशी अडकलेली पिशवी काढून स्वतःच्या मांडीवर घेतली. मी आरसा माझ्या उंचीला लावला. निशाणवाल्याने हात केला, आम्ही खणलेल्या रस्त्याच्या बाजूने हळूहळू पुढे गेलो.

"उद्या चिमणीला तू ने," बाबा म्हणाले.

"मी? बाबा, परत आलेल्या मुलीने... लोक काय म्हणतील?"

"लोक मागे बसतात. त्यांना रस्ता कुठे दिसतो?" थोडं थांबून म्हणाले, "शेवटच्या वळणाला विचार तिला."

"वळवू का परत, म्हणून?"

"हो. मी हसत विचारायचो." त्यांनी गुडघ्यावर हात ठेवले. इतकी वर्षं काहीतरी धरलेले हात रिकामे झाले की कुठे ठेवायचे ते माणसाला समजत नाही. "तू हसू नकोस."

मी नाही हसणार. चिमणीचे डोळे आरशात येतील, मागे आत्या असेल, फोटोवाला वाकडा होऊन बसला असेल, आणि मी गाडी हळू करीन आणि विचारीन. ती नाही म्हणेल. बहुधा नाहीच म्हणेल. पण तिला उत्तर द्यायला जागा मिळेल, हसून भरून टाकलेली नव्हे, रिकामी, हवी तेवढी. रस्ता क्षणभर मधोमध पुसट झाला आणि पापणी हलवल्यावर परत आला. मला परत आला.

"पुढे वळण आहे," मी म्हटलं, "उजवीकडे. दोन खांबांच्या अंतरावर."

"हं," बाबा म्हणाले. बरोबर आहे, असं.

आई मागे झोपली होती. तोंड उघडं टाकून, मान वहिनीच्या खांद्यावर पाडून. वहिनीने खांदा हलवला नाही. नुसती मान पुढे करून ती माझ्या पाठीमागून कुजबुजली, "बाबा रागावलेत का गं? तुझ्याकडे बघतच नाहीत."

मी डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहिलं. बाबांचा चेहरा माझ्या बाजूच्या खिडकीकडे वळलेला होता. नजर माझ्या कानावरून, मागच्या काचेवर कुठेतरी टेकलेली होती. पापणी न हलवता, स्थिर.

"नाही," मी म्हटलं. "बघतायत."